ताजं पाणी

हुबळी, २ फेब्रुवारी

प्रिय दीपाक्का,

पाचवा महिना लागला आणि मला आत्ता कळवतेस? तुझं पत्र वाचता वाचता मी दारातल्या पायरीवरच बसले. पोस्टमनला वाटलं, कुणी गेलं की काय. त्याला म्हटलं, जायचं नाहीये कुणी, यायचंय.

फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणतेस, मी ‘इकडे सगळं छान’ म्हणते, आणि दोघी खोटं बोलून फोन ठेवतो. कागदावर मात्र तुला खोटं लिहिता येत नाही. शाळेत माफीपत्र लिहायला लावलं तर त्यातही ‘चूक माझी नव्हती’ असं लिहून आलेली तू. तेव्हा आपलं हेच चालू दे.

आईला सांगितलं. ती आधी रडली, मग लगेच डिंक कुठून आणायचा या चिंतेत पडली. अप्पांना तिनं जेवताना सांगितलं. त्यांनी आमटी वाढून घेतली, भुरका मारला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.” बस. पण दुसऱ्या दिवशी कोर्टातून परस्पर गोकुळ रोडला गेले आणि नळाला लावायची नवी, चांगली दणकट मोटर घेऊन आले. आपल्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि जुन्या मोटरनं टाकी अर्धीच भरते, हे खरं. पण ती अर्धी टाकी त्यांना इतकी वर्षं खुपली नव्हती. आईनं विचारलं तर म्हणाले, “घरात माणसं वाढणार. बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाणी लागतंय की.” आणि तोंडून ‘बाळ’ निघून गेलं हे लक्षात येताच पाना शोधायला अंगणात गेले.

तुझी अट मी विसरले नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाचं बोलायला आपण बेळगावला गेलो, लोकेशदाजींच्या आईंनी, बाळाबाईंनी, अप्पांपुढे पाण्याचा तांब्या धरला, आणि भर उन्हात बसनं आलेला माणूस ‘तहान नाही’ म्हणाला. आपलं वकिलांचं देशस्थ ब्राह्मण घर, ते बौद्ध. तहान का नाही हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. ज्या दिवशी अप्पा बाळाबाईंच्या हातचं पाणी पितील त्या दिवशी मी माहेरी येईन, असं सांगून तू तिथंच राहिलीस, लग्नही तिथंच केलंस. तू चुकलीस असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं मला फार वाटतं, अक्का. मोटर आली म्हणजे केस हलायला लागली असं समज.

आणि हसू नकोस, मी समाजसेविका झालेय. कॉलेजात मालती मिस केमिस्ट्री शिकवतात, त्यांनी आम्हा मुलांचं पाण्याचं पथक काढलंय. घरोघरी जाऊन नळाचं पाणी तपासायचं. पहिल्या दिवशी एका काकूंनी आम्हाला रद्दीवाले समजून जुने पेपर आणून दिले.

तुझी,
मेधा


हुबळी, १ मार्च

प्रिय दीपाक्का,

आता गल्लीत आमचं नाव ‘बाटलीवाले’ पडलंय. मी, श्रीनिधी आणि नूतन अशी आमची तुकडी. श्रीनिधी पुढे होऊन बोलतो, नूतन लिहून घेते, आणि बाटली मी भरते, कारण माझा हात थरथरत नाही असं मिस म्हणतात. बोटभर काचेची बाटली असते, आत औषध घातलेलं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, आणि उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच राहिलं तर बरं. काळं झालं तर त्यात गटार मिसळलंय.

बाटल्या मी फळीवर ठेवते. आईला ते मुळीच पसंत नाही. लोणच्याच्या बरणीशेजारी गटाराची परीक्षा कसली घेतेस म्हणते. अप्पांना मात्र कौतुक. पक्षकार आले की मला बाहेर बोलावतात आणि “ही आमची धाकटी, पाण्याचं बघते” असं सांगतात, जसं काही मी धरणच बांधलंय.

काम सोपं आहे, पण अक्का, मला ते आता नकोसं वाटायला लागलंय. मोठ्या रस्त्याकडच्या घरांच्या बाटल्या तशाच राहिल्या. गल्लीच्या शेवटच्या घरांच्या सगळ्या काळ्या झाल्या. सकाळी उठून फळीकडे बघितलं तर एका ओळीत काळ्या. गेल्या आठवड्यात निम्म्याच होत्या. मालती मिसना दाखवल्या तेव्हा त्या फक्त “कुणाकुणाच्या घरी कावीळ आहे ते विचारा” म्हणाल्या.

शेवटच्या घरातल्या अंबूताईंची सहना आठवते ना, तुझ्या मागच्या वर्गातली? ती बाळंतपणाला आलीये. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर पाय सोडून बसली होती, तुझी चौकशी केली. मला तिचे डोळे जरा पिवळे दिसले. उन्हामुळे असेल. अंबूताईंनी आम्हाला गूळपाणी दिलं. श्रीनिधीनं भांडं हातात धरलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच झाडात ओतलं. मला त्याची लाज वाटली.

आपल्या घरची बाटली अजून भरलेली नाही. आपण गल्लीच्या मधोमध; घरचंच काय तपासायचं.

तुझी,
मेधा


हुबळी, १७ मार्च

प्रिय दीपाक्का,

घाईत लिहितेय. अप्पा बेळगावला जायचं मनात घेतायत असं आई म्हणते. तसं झालं तर मला आनंदच आहे, पण तू लगेच निघायची घाई करू नकोस. इकडे उन्हाळा फार आहे. घराला रंगही द्यायचाय, त्याचा वास तुला सोसायचा नाही. बेळगावची हवा बरी. बाळाबाई करतायत ना तुझं सगळं? मग तिथंच राहिलीस तर काय बिघडलं?

सहनाला दवाखान्यात नेलंय.

आपल्या घरची बाटली भरली. त्याचं पुढच्या वेळी लिहीन. तू पाणी उकळून पितेस ना? कुणाच्याही घरी गेलीस तरी उकळलेलंच माग.

मेधा


हुबळी, २ एप्रिल

प्रिय अक्का,

तुझं पत्र चार ओळींचं होतं आणि चारही माझ्या जिव्हारी लागल्या. ‘रंगाचा वास’ हे अप्पांचं बोलणं माझ्या हातून आलं असं तुला वाटलं. पुन्हा लिहू नको म्हणालीस. मी फोन केले, तू उचलले नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलले नसते. आता ऐक, आणि कितीही रागावलेली असलीस तरी शेवटपर्यंत वाच.

सहना गेली. आधी बाळ गेलं, दोन दिवसांनी ती. डॉक्टरांनी मालती मिसना सांगितलं की गटाराच्या पाण्यातून ही कावीळ येते, इतरांना महिनाभर झोपवते आणि सोडते, पण पोटुशी बाई असली आणि दिवस भरत आलेले असले तर ती कावीळ कुणाचं ऐकत नाही. अंबूताई दारात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “सासरी बरी होती गे माझी पोर. मीच आणली की, माहेरचं पाणी मानवंल म्हणून.” तिथून मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

आपल्या घरची बाटली काळी झाली. आपल्या अलीकडच्या घराची नाही झाली. म्हणजे काळं आपल्या दारापासून सुरू होतं, अक्का. श्रीनिधीनं नकाशा काढला तेव्हा त्याच्या ते आधी लक्षात आलं आणि तो माझ्याकडे बघायचं टाळायला लागला. आपल्या दारासमोर मोरीखाली नळ आणि गटार एकमेकांना चिकटून गेलेत, तिथं सांधा फुटलाय. आठवडाभर नळ रिकामा असतो. त्याला दणकट मोटर लावली की ती मिळेल ते ओढते. आधी गटार ओढते, मग पाणी. त्यातलं थोडं आपल्या टाकीत येतं, उरलेलं पुढच्या घरांकडे जातं. गल्लीत बऱ्याच घरांना मोटर आहे. पण बाटल्या काळ्या व्हायला लागल्या त्या अप्पांची मोटर बसल्यावर.

मी अप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि उलटतपासणी सुरू केली.

“बाटली काळी झाली. बरं. साक्षीदार कोण?”

“बाटलीच की, अप्पा.”

“बाटली शपथ घेते काय गे? औषध कुणी भरलं, किती दिवसांचं होतं, तुझ्या हाताला काय लागलं होतं, सांग बघू. शेजारच्या घराच्या आणि आपल्या मोटरीत फरक काय? सगळी गल्ली सोडून माझ्यावरच का?”

मी म्हटलं, सहना गेली. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग फार हळू म्हणाले, “मोटर काढली तर टाकीत थेंब येत नाही. पोर घरी यायच्या वेळी टाकी कोरडी ठेवू काय?”

तुझ्यासाठी आणलेली मोटर आहे ती. म्हणून त्यांना ती काढवत नाही. मला त्यांचा इतका संताप आला आणि त्याच वेळी इतकी कीव आली की मी फळीवरची एक बाटली उचलून अंगणात फोडली.

पथकातल्या मुलांना आपल्या घराचं नाव गल्लीतल्या बोर्डावर लिहायचं होतं. मी चार दिवस थांबा म्हटलं, अप्पांचं मन वळवते म्हणून. नूतन म्हणाली, “तुझ्या घरचं नाव असतं म्हणून थांबायचं काय?” तिचं बरोबर होतं. शेवटी आम्ही नाव न घालता दारोदार कागद लावले, पाणी उकळून प्या, थेट मोटर लावू नका. संध्याकाळपर्यंत निम्मे कागद फाडलेले होते. ऐन लग्नसराईत गल्लीचं नाव खराब करता म्हणाले लोक.

आई आता पाणी उकळते, तांब्याच्या पातेल्यात भरून वर फडकं बांधून ठेवते. पण मला त्या पातेल्याचा भरवसा वाटत नाही. तू येऊ नकोस. अप्पा स्वतः न्यायला आले तरी येऊ नकोस. अट मोडली म्हण, नवी अट घाल, मला वाटेल ते बोल. फक्त येऊ नकोस.

तुझीच,
मेधा


हुबळी, २१ एप्रिल

प्रिय अक्का,

काल रात्री तुला बेळगावला पोचवून टॅक्सीनं परत आले आणि हेच लिहायला बसले होते, पण जमलं नाही. दारातलं तुला माहीत आहे. स्वयंपाकघरातलं माहीत नाही. ते आईनं मला सांगितलं, आणि तुला सांगायची हिंमत तिला झाली नाही.

रविवारी अक्षय्य तृतीया. अप्पा शनिवारीच धारवाडला कामाला जातो म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. मला वाटलं धारवाड. ते तुझ्या दारात गेले, बाळाबाईंकडून तांब्या मागून घेतला आणि सगळा प्याले, हे मला तुझ्याकडून कळलं. ते रडले असंही तू म्हणालीस. मी त्यांना कधी रडताना बघितलेलं नाही.

मेधाला सांगू नको, चकित करू, असं त्यांनी आईला फोनवर बजावलं होतं. रविवारी तुम्ही पोचलात तेव्हा मी दुर्गदबैलमागच्या बोळात बाटल्या भरत होते. सकाळीच गल्लीत “नीर बंतु”, पाणी आलं, अशी हाक झाली होती, मोटर लागली होती. आणि तुला आईची पद्धत ठाऊक आहे. नळाचं पहिलं पाणी ती देवासाठी म्हणून कळशीत वेगळं धरते, मग बाकीचं टाकीत. आपण लहानपणापासून बघत आलोय, म्हणून मी तिला कधी त्याबद्दल बोललेच नाही. रिकाम्या नळातून मोटर सगळ्यात आधी काय ओढते ते मी गल्लीभर सांगत फिरत होते, आणि घरच्या देवाच्या कळशीकडे माझं लक्ष गेलं नाही.

तू आणि दाजी सामान उतरवत होतात तेव्हा अप्पा पुढे आत आले. आई तुमच्यासाठी पातेल्यातलं उकळलेलं पाणी भांड्यात काढत होती.

“हे कालचं की,” ते म्हणाले. “शिळं पाणी. आज अक्षय्य तृतीया, पोर दोन वर्षांनी दारात आलीये, तिला शिळं पाणी देतेस?”

“मेधा म्हणते...”

“आजच्या दिवस मेधाचं राहू दे गे. सकाळी नळ आलाय. ताजं घे.”

त्यांनी स्वतः पातेलं उचलून कढीलिंबाच्या बुंध्याशी रिकामं केलं. स्वतः कळशीतलं पाणी भांड्यात ओतलं. निवळून स्वच्छ दिसत होतं म्हणे. वाटीत गूळ घेतला आणि स्वतः दारात आले, कारण त्यांना ते आपल्या हातानं द्यायचं होतं. बेळगावात जो हात मागे घेतला होता तोच.

मी पोचले तेव्हा तू पायरीवर होतीस. मला बघून रिकामं भांडं उलटं धरून दाखवलंस. “बघ, प्याले तुमच्या घरचं पाणी,” असं म्हणालीस आणि हसलीस. दाजींचंही पिऊन झालं होतं. मी तशीच आत पळाले याचा तुला राग आला, होय ना? तुला वाटलं मला तुझं येणं आवडलं नाही. तुझ्या पर्समधून माझं पत्र काढून दाखवलंस, न फोडलेलं. ‘आपल्या दोघींत बसून वाचू आणि भांडू’ म्हणून ठेवलं होतंस. अक्का, ते एक पाकीट तू फोडलं असतंस तर.

कळशीत पाणी उरलं होतं. मी त्याची बाटली भरून फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काळी झाली, इतर कुठल्याही बाटलीपेक्षा काळी. मी ती अप्पांच्या हातात दिली. या वेळी त्यांनी साक्षीदार कोण असं विचारलं नाही. खिडकीशी नेऊन बघितली, पुन्हा बघितली. मग पाना घेऊन भर उन्हात नळाजवळ बसले आणि सगळी गल्ली बघत असताना मोटर सोडवली. अंबूताई दारात उभ्या होत्या. अप्पा त्यांच्याकडे बघून काही बोलायला गेले, पण त्या आत गेल्या.

बाकी तुझ्यासमोर झालं. तुझे डॉक्टर म्हणाले, एका भांड्यानं काही होईलच असं नाही. लक्ष ठेवा म्हणाले. लगेच कळत नाही, दीड-दोन महिने लागतात म्हणाले. त्यांच्या त्या ‘लक्ष ठेवा’वर आता आम्ही सगळे जगतोय.

मेधा


हुबळी, २५ मे

प्रिय अक्का,

मोरीखालचा सांधा खणून बदलला. मोटरी बऱ्याच निघाल्या. काही रात्रीतून पुन्हा बसल्या, त्या आम्ही शोधून काढतो. फाडलेले कागद नूतननं परत लावले आणि त्यावर आता आपल्या घराचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. ते मी लिहिलं. अप्पांनी येता-जाता वाचलं, काढलं नाही. शेवटच्या घरांच्या बाटल्या या आठवड्यात तशाच राहिल्या. श्रीनिधी नाचला. मला नाचता आलं नाही.

बाळाबाईंच्या आडाचं पाणी मी तुला पोचवायला आले त्या दिवशी परत येताना भरून आणलं होतं, तुला सांगायचं राहिलं. ती बाटली अजून फळीवर आहे, आणलं तेव्हा होती तशीच.

अप्पा दर रविवारी तुझ्याकडे येतात, बाळाबाईंनी दिलेलं पाणी पितात, आणि इकडे येऊन “त्या आडाचं पाणी गोड आहे” एवढं सांगतात. खरं म्हणजे ते कशाला येतात ते तुलाही माहीत आहे. तुला अंगणात उभी करून, पापणी खाली ओढून डोळे बघतात. दोन वर्षं ज्यांना तुझ्या नजरेला नजर देता आली नव्हती, ते. मग घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी आईला आणि मला सांगतात, “पांढरे आहेत.” मग आम्ही जेवतो.

काल ते आले. चप्पल काढली, पाय धुतले, ओसरीवर बसले. आईनं ताट वाढलं. शेवटी मी विचारलं, अक्काचे डोळे कसे आहेत?

म्हणाले, “उजेड कमी होता गे. नीट दिसलं नाही.”

मे महिन्यातली दुपार होती, अक्का. ते तुझ्या अंगणात उभे होते.

रात्री मी तुला फोन केला. तू म्हणालीस, “बरी आहे.”

म्हणून लिहितेय. हे पत्र हातात पडेल तेव्हा बाहेर उन्हात जा, आरसा घे, नीट बघ. आणि मला लिही. फोन करू नकोस. लिही.

तुझी,
मेधा